आधी चाकं बघ

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, खुशाली, तब्येतीची चौकशी हे सगळं लिहिलं आहे असं समज. तुझ्या कार्डात तरी त्यातलं काय होतं? तेवीस वर्षांनी धाकट्या भावाला कार्ड टाकायचं आणि त्यात चार वाक्यं. 'रिटायर झालो. इंजिन अजून आहे. एस गेजचे रूळ घेऊन मांडावं म्हणतो. कुठले घेऊ ते कळव.' मी जिवंत आहे याची आधी चौकशी केली होतीस, की अंदाजाने पत्ता घातलास?

कार्ड आधी हिच्या हातात पडलं. तुझी भावजय तुला आठवत असेलच, दारात चहाचा ट्रे घेऊन उभी राहायची ती. वाचून म्हणाली, "तुम्हा दोघा भावांना एकमेकांशी बोलायला मध्ये लोखंड लागतं." मग कार्ड माझ्या पुढ्यात ठेवून भाजी निवडायला बसली.

मला गंमत वाटली ती वेगळीच. आपल्या घरात वाटणी ठरलेली होती, रूळ तुझे आणि चाकं माझी. तू लाइनीवरचा मुकादम, मी पंपांच्या कारखान्यातला टर्नर. बाबा फळीवर मांडलेल्या त्या गाडीपाशीही हा कायदा पाळायला लावायचे. ज्याचं त्याने बघायचं, दुसऱ्याने हात घालायचा नाही. पस्तीस वर्षं खऱ्या गाड्यांचे रूळ तू सांभाळलेस आणि आता खेळण्यातल्या रुळांचं मला विचारतोस? रिटायर झालं की माणसाचा विसरभोळेपणा वाढतो म्हणतात, पण इतका?

असो. विचारलंस तर सांगतो. इथे माझ्याकडे अधूनमधून नवशिके येतात, त्यांना सांगतो तेच.

एस गेज हे मधलं माप आहे. खऱ्या गाडीचा चौसष्टावा भाग, दोन रुळांत साडेबावीस मिलिमीटर. दुकानदार तुला याहून लहान मापाचं दाखवेल, मोठ्या मापाचंही दाखवेल, कारण ते खपतं. त्याच्या नादी लागू नकोस. आपलं इंजिन या मापाचं आहे, तेव्हा माप ठरलेलंच आहे. सुरुवातीला जास्त पसारा मांडायचा नाही. एक इंजिन, दोन डबे आणि एक लंबगोल, बस्स.

रूळ तीन तऱ्हांचे मिळतात. एक, तयार तुकडे. खाली खडीसारखा दिसणारा प्लॅस्टिकचा पाया असतो, एकमेकांत दाबले की बसतात. दुसरे लवचिक, हातभर लांब पट्टी येते, हवी तशी वाकवायची आणि बारीक करवतीने कापायची. तिसरे म्हणजे तू करायचास तसे, रुळाखालचा एकेक आडवा स्लीपर चिकटवून एकेक खिळा ठोकत. ते आता कोणी करत नाही. त्यातही रुळाची उंची बघावी लागते. पावणेचार मिलिमीटरचे उंच रूळ असतात आणि अडीचचे बुटके. बुटके दिसायला अगदी खऱ्यासारखे, पण नखरेल.

तू उंच घे. तयार तुकडे, पायासकट. जुनं इंजिन आहे, त्याला उंचच बरे. वळण फार आवळ घेऊ नकोस. चाकांकडे बघायची गरज नाही, ती मी तेव्हाच पाहिलेली आहेत.

तुझा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. या खेपेला नऊ वाक्यं होती, म्हणजे प्रगती आहे. तू उंच रूळ आणलेस, जेवणाच्या टेबलावर लंबगोल मांडलास आणि इंजिन सुरळीत फिरतंय हे वाचून बरं वाटलं. टेबल रिकामं असतं हेही लिहिलंस. वहिनी गेल्याचं मला तुझ्या शेजाऱ्यांकडून तिसऱ्या माणसामार्फत कळलं होतं. मी काही लिहिलं नाही, कारण बाबा गेले तेव्हा तू तीन दिवसांनी एका ओळीची तार केली होतीस. आपण दोघेही हिशेबाला पक्के आहोत.

तू विचारलंस, आता सांधा कुठला घेऊ.

सांधा कशाला हवाय तुला? जगात सगळी माणसं दोन गोष्टी जोडतात त्या जागेला सांधा म्हणतात. तुम्ही लाइनीवरची माणसं मात्र एका रुळाचे दोन रस्ते फुटतात त्याला सांधा म्हणता. नसती डोकेदुखी आहे ती. लंबगोलावर गाडी फिरते, बघायला छान वाटतं, चहा पिता येतो. या वयात गाडी बाजूच्या रुळावर घेऊन करायचं काय? टेबलावर दुसऱ्या रुळाला जागा तरी आहे का? सांधे महाग, नाजूक, त्यातली तार सुटते, पाती अडकते. माझा सल्ला विचारशील तर नको.

हिने माझं पहिलं पत्र टाकायच्या आधी वाचलं होतं, असं काल बोलता बोलता निघालं. मला म्हणाली, "अहो, इथे कोणी नवीन माणूस आला की तुम्ही त्याला पहिली गोष्ट काय सांगता? आधी चाकं बघ, मग रूळ घे. एकदा नाही, दहादा सांगता. दादांना मात्र लिहिलंत, चाकांकडे बघायची गरज नाही. ते का?"

मी म्हटलं, "दादाला मी चाकं काय शिकवणार?"

"शिकवायचं नाही, सांगायचं," ती म्हणाली. "तुम्ही पत्राचे चार कागद फाडलेत. मी केर काढते, मला दिसतं."

तिला वाटतं मी तुझ्यावरच्या रागाने अर्धवट सल्ला दिला. राग आहेच, तो मी कशाला लपवू? तू त्या रविवारी इंजिन उचललंस, महिनाभरात बदली मागून घेतलीस आणि गेलास. तू रागावून सुटलास, मी न रागावता अडकलो. पुढे नऊ वर्षं बाबा होते. शेवटची चार अंथरुणावर. त्यांना कुशीवर वळवायचं, दाढी करायची, त्यांच्या शिव्या खायच्या, हे सगळं माझ्या वाटणीचं. पहिल्या वर्षी म्हणाले, थोरल्याचं नाव या घरात काढायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून दर रविवारी सकाळी विचारायचे, "टपाल आलं का?" रविवारी टपाल येत नाही, हे इंजिन शेडमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेल्या बाबांना मी कितीदा सांगायचं? माझ्या हातचा भात खाऊन तोंड पुसायचे आणि म्हणायचे, थोरला असता तर उशी नीट लावली असती.

तेव्हा दादा, तुझं ऐकून घ्यायला माझ्याकडे फारशी दया शिल्लक नाही. लंबगोलावर समाधान मान. सांधा घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१९ मार्च

दादा,

आज पत्र तुझं नव्हतं, तुझ्या मुलीचं होतं. तुम्ही इथून गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती, माझ्या खांद्यावर बसून कान ओढायची. आता तिचं अक्षर तुझ्यासारखंच आहे, उभं आणि दाबून काढलेलं. तिने तुला न विचारता लिहिलं आहे. तिला रागावू नकोस.

तिचं पत्र जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुढे मी जे लिहिणार आहे ते कशामुळे लिहिलं ते तुला कळेल.

'काका, तुम्ही नको म्हणालात तरी बाबांनी सांधा आणला. गाडी सरळ जाते तेव्हा सांध्यावर बारीक खट असा आवाज येतो. बाजूला घेतली की पडते. दर वेळी त्याच जागी. बाबा दहा-बारा दिवस रोज सकाळी टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसतात, सांधा उचलतात, पुसतात, मोजतात, परत टाकतात. त्यांनी तो बदलूनही आणला. काल मी म्हटलं, बाबा, दोष वस्तूतच असेल. तर म्हणाले, रूळ टाकणाऱ्याचा हात खराब असला की कुठलीही वस्तू पडते, तुझे आजोबा बरोबर बोलले होते, मी उगाच इतकी वर्षं त्यांच्यावर राग धरला. काका, माझे बाबा असं कधी बोलत नाहीत. तुम्हाला यातलं कळतं, तर त्यांना काही सांगा ना.'

मी हे पत्र दुपारी जेवताना वाचलं. हात धुवायचेही राहिले.

तुझे आजोबा बरोबर बोलले होते. दादा, तू असं म्हणालास? माझ्या मनात इतकी वर्षं एक गोष्ट पक्की होती. दादा माझ्याशी बोलत नसेल, बाबांना माफ करत नसेल, पण त्याला स्वतःला ठाऊक आहे की रूळ बरोबर होते. त्याच जोरावर मी गप्प बसलो. दादाचं काही गेलं नाही, फक्त चार माणसांचा गैरसमज झाला, असं मी स्वतःला समजावत आलो. आता कळलं की तुझं तेच गेलं. तू रुळांबद्दल मला कार्ड टाकलंस तेव्हाच कळायला हवं होतं. लाइनीवरचा मुकादम टर्नरला रुळांचं का विचारतो? स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला म्हणून.

सांध्याला हात लावू नकोस. तो बरोबर आहे. तू टाकलेला आहे म्हणजे बरोबर असणारच. इंजिन उलटं कर आणि चाकं बघ.

चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, ती रुळाच्या आत राहते म्हणून चाक घसरत नाही. आपल्या इंजिनाची कड मूळची खोल होती, जवळजवळ दोन मिलिमीटर, आणि चाक रुंद होतं. तेव्हा तू त्या चाकाच्या मापाने उंच रूळ टाकलेस आणि सांध्यात रूळ रुळाला ओलांडतो तिथली फटही ऐसपैस ठेवलीस; उंच रुळांच्या तयार सांध्यातही ती तशीच असते. अगदी योग्य केलंस. आता कड मोज. एक मिलिमीटरही भरणार नाही. चाकाची रुंदीही अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे. असं अरुंद चाक रुंद फटीवर आलं की आत बसतं. सरळ जाताना खट म्हणून निसटतं, बाजूला घेतलं की पडतं.

ती चाकं मी कापली.

तुला आठवत असेल, मी त्या वर्षी बुटके रूळ आणले होते. मला तुझे रूळ बोजड वाटायचे, खेळण्यातले वाटायचे. माझ्या मनात भिंतीकडच्या फळीवर एक छोटं स्टेशन होतं, अगदी खऱ्यासारखं. पण इंजिनाच्या खोल कडा बुटक्या रुळांच्या खिळ्यांवर आपटायच्या, गाडी दाणदाण उड्या मारत चालायची. बाबा हसले. म्हणाले, "तुझे रूळ कपाटात ठेव, थोरल्याचे बघ." दर वेळी थोरल्याचे बघ. मग बाबांचे साहेब गाडी बघायला येणार म्हणून इंजिन साफ करायला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी ते कारखान्यात नेलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चाकं काढून लेथवर चढवली आणि कड उतरवली. अर्ध्या तासाचं काम. माझ्या रुळांच्या तुकड्यावर चालवून बघितलं, लोण्यासारखं चाललं. तुझ्या सांध्यावर नेऊन बघितलं नाही. बघायला हवं हे मला कळत होतं. टर्नर आहे मी, फटीचं गणित मला कळत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. मनात होतं, चालेल, आणि चालल्यावर साहेबांसमोर सांगेन की ही चाकं मी सुधारली.

रविवारचं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण मी ते आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. मागच्या खोलीत बाबा, त्यांचे शेडमधले मोठे साहेब, बॉयलरवाले काका आणि तो स्टोअरकीपर. लाइनीवरच्या इन्स्पेक्टरची जागा रिकामी होती आणि ती साहेबांच्या हातात होती. बाबांनी खास त्याचसाठी त्यांना बोलावलं होतं, माझ्या थोरल्याचं काम बघा म्हणून. पहिल्या तीन फेऱ्या सरळ गेल्या. प्रत्येक फेरीला सांध्यावर तो बारीक खट. बाकी कोणाला ऐकू आला नाही. तुला आला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. मग बाबा म्हणाले, "आता बाजूला घे." इंजिन सांध्यात शिरलं, बसलं, कलंडलं आणि कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडलं.

तू म्हणालास, "बाबा, चाकं बघा."

बाबांनी मला विचारलं, "धाकट्या, चाकं तुझ्याकडे होती ना?"

मी म्हटलं, "चाकं मी पाहिलीत. चाकांना काही झालेलं नाही."

तेवढंच मी बोललो. त्यानंतर बाबा साहेबांसमोर जे बोलले ते तुझ्या कानात असेलच. ज्याला बोटभर रूळ धड टाकता येत नाहीत, त्याच्या हातात खरी लाइन कोण देणार. साहेब हसले, तसे सगळे हसले. स्टोअरकीपरने तिथल्या तिथे तुझं बारसं केलं, घसरगुंडी. आठवडाभरात तुझ्या टोळीतली माणसं तुला पाठीमागे घसरगुंडी म्हणायला लागली, नंतर तोंडावर. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

तू इंजिन उचलून वर्तमानपत्रात गुंडाळलंस आणि सुतळी बांधलीस. मला वाटलं तुझ्या रेल्वेच्या क्वार्टरवर जाऊन तू चाकं मोजशील आणि परत येऊन माझी गचांडी धरशील. पंधरा दिवस मी दाराकडे बघत होतो. तू आला नाहीस. चाकं माझ्याकडची, मी पाहिली म्हणालो म्हणजे पाहिली. ती तू मोजलीच नाहीस. आपल्या घरचा कायदा एकट्या तूच इतका पाळलास.

अजून एक आहे, तेही सांगून टाकतो. शेवटच्या वर्षी बाबांनी एकदा मला जवळ बसवलं. म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी पट्टी लावून तुझ्या दादाचे रूळ मोजले होते रे. सांधासुद्धा मोजला. केसाचा फरक नव्हता. साहेबांसमोर बोलून बसलो होतो, आता मागे कसं घेणार? पण मग पडलं कशानं?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "कुणास ठाऊक." ते मान हलवून भिंतीकडे वळले. त्यानंतर त्यांनी टपालाचं विचारायचं बंद केलं.

म्हणजे रूळ बरोबर होते हे बाबांनाही माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून तुला घसरगुंडी केलं आणि घरात बसून तुझ्यावर रागावलो.

माफी मागणारं वाक्य मी तीनदा लिहिलं आणि खोडलं. ते छोटं दिसतं.

धाकटा

२ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'चाकं मोजली. पाऊण मिलिमीटर. मला सांगून काय उपयोग? त्या दिवशी खोलीत जे होते त्यांना सांग.' खाली सहीसुद्धा नाही. बरोबर आहे तुझं. म्हणून आठ दिवस तेच काम केलं. त्याचा अहवाल देतो.

बाबा नाहीत. मोठे साहेब बाबांच्या आधीच गेले. बॉयलरवाले काका मुलाकडे राहायला गेले होते, तिथे चौकशी केली तर तेही गेलेले. त्या रविवारी दारात चहाचा ट्रे घेऊन तुझी भावजय उभी होती, म्हणून पहिलं तिला सांगितलं. स्वयंपाकघरात, ओट्याशी. तिने गॅस बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या होत्या, भाऊजी तरी आमच्या बाजूने एक शब्द बोलतील असं वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं होतं, यांना ठाऊक असतं तर हे नक्की बोलले असते." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. आजही तेच चालू आहे.

राहिला स्टोअरकीपर. तो एका वृद्धाश्रमात आहे असं कळलं. ही म्हणाली, "चला, मी येते. तुम्ही एकटे गेलात तर तब्येत विचारून परत याल." बसने दोन तास. मोठी खोली, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टीव्ही मोठ्याने लावलेला. स्टोअरकीपर खिडकीजवळ बसला होता, वाळून अगदी काटकुळा झालाय. कानाला यंत्र आहे, पण ते खिशात ठेवलेलं. मी बाबांचं नाव सांगितलं, शेडचं नाव सांगितलं. काही नाही. मग गाडी, मागची खोली, इंजिन पडलं, असं म्हटल्यावर एकदम त्याचा चेहरा फुलला.

"घसरगुंडी!" तो ओरडला. "अरे काय पडलं होतं इंजिन! साहेब इतके हसले, इतके हसले! ते नाव मी ठेवलं होतं, ठाऊक आहे?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "दोष रुळांचा नव्हता. चाकांचा होता. चाकं मी कापली होती."

"काय कापलं?"

"चाकं! लेथवर! दादाचे रूळ बरोबर होते!"

टीव्ही बघणारे सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका बाईने टीव्हीचा आवाज कमी केला. मी परत सगळं पहिल्यापासून ओरडून सांगितलं. त्या खोलीतल्या पंधरा-वीस अनोळखी म्हाताऱ्यांना आता आपल्या घरची सगळी हकिकत पाठ झाली असेल.

स्टोअरकीपरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "तू कोण?"

"धाकटा."

त्याने मान हलवली. "नाही, नाही. धाकटा चांगला होता. चाकं त्यानेच तर तपासली होती." आणि माझ्या हातावर थोपटून समजूत घातल्यासारखं म्हणाला, "कशाला उगाच भावाचं अंगावर घेतोस? जाऊ दे आता. घसरगुंडी तो घसरगुंडीच."

मी खिशातून कागद काढून तेच मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद त्याच्यासमोर धरला. त्याने चष्मा लावून वाचलं, कागदाची घडी केली आणि पेला ठेवायला खाली घेतली. आम्ही निघालो तेव्हा तो शेजारच्याला सांगत होता, काय पडलं होतं इंजिन.

परतीच्या बसमध्ये ही एकच वाक्य बोलली. "तुम्ही सांगायला तेवीस वर्षं लावलीत, त्यांना ते खोटं विसरायलाही तेवढीच लागतील की."

तेव्हा दादा, तू सांगितलेलं काम झालेलं नाही. खोलीत जे होते त्यांच्यातल्या ज्यांना सांगायचं ते उरले नाहीत, आणि जो उरला त्याला माझं खोटंच खरं वाटतं. तुझ्या मुलीला मात्र मी वेगळं पत्र लिहिलं आहे, सगळं, सांध्याच्या आकृतीसकट. ती त्या दिवशी खोलीत नव्हती, पण तिने निदान वाचलं तर तिला कळेल.

रुळांचा तुझा प्रश्न अजून राहिला आहे. उंच रूळ परत करून टाक. मी चुकीचे सांगितले, जाणूनबुजून; बुटक्यांवर इंजिन सुरळीत चाललं असतं तर कड कापल्याचं तुला तिथेच कळलं असतं. या चाकांना आता बुटकेच रूळ लागतात आणि सांध्याची फट अरुंद लागते. बाजारात शोधू नकोस. मी तेव्हा आणलेले रूळ कपाटात तसेच पडून होते, त्यानंतर एकदाही मांडले नाहीत. ते या पत्रासोबत खोक्यातून पाठवले आहेत. सोळा पट्ट्या आहेत. दोन सांधे मी या आठवड्यात बसून केले, या चाकांच्या मापाने. एका सांध्याला तीन वेळा डाग द्यावा लागला. तुला ते कच्चं काम वाटेल.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल असं लिहिणार होतो. तसं नाही. मी दाराकडे बघणार आहे.

धाकटा

ता. क. सांध्यातली फट मी दोनदा मोजली आहे, बरोबर आहे. तरी टाकायच्या आधी तू स्वतः मोजून घे. मी पाहिलंय म्हणालो, म्हणून सोडू नकोस.